फुंडेचा ठेका

किंग्स्टनच्या पूर्वेला, वारिका टेकडीच्या बाजूला रास्ताफारी ढोलवादक काउंट ऑसीचा तळ होता. खरं नाव ऑस्वाल्ड विल्यम्स. १९५०च्या दशकात सभ्य जमैकाला रास्ताफारी पंथाचे लोक म्हणजे जटा वाढवलेले, गांजा ओढणारे उपद्रवी वाटत, आणि पोलिसांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. तरीही डॉन ड्रमंड, रिको रॉड्रिग्ज, टॉमी मकूक असे शहरातले नावाजलेले वादक रात्री त्या तळावर जाऊन बसत. ओढ होती ती ढोलांची.

ढोल तीन. सगळ्यांत मोठा बेस, टोकाला कापड गुंडाळलेल्या काठीने वाजवायचा. मोजकेच ठोके, पण जमीन हादरावी असे. सर्वांत लहान तो रिपीटर. त्याचा आवाज चढा, आणि मनसोक्त बागडायची मुभा फक्त त्यालाच. दोघांच्या मधला फुंडे. लागोपाठ दोन ठोके, मग थोडी उसंत, पुन्हा दोन. रास्ताफारी याला हृदयाची धडधड म्हणतात. रात्रभर भजनं चालतात तेव्हा फुंडेवाल्याने हे एवढंच करायचं असतं. माझ्या मते तिघांत सर्वांत अवघड काम त्याचंच, कारण त्याला मोह टाळायचा असतो.

या वादनाला न्याबिंगी म्हणतात. ढोल मात्र रास्तांचे मूळचे नव्हेत, ते बुरू वादकांकडून आले. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर कामाला लय देणारी ही परंपरा पुढे किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांत पोचली. बुरूवाल्यांकडे ढोल होते, रास्तांकडे श्रद्धा होती आणि स्वतःचं वाद्य नव्हतं. ऑसी बुरूवाल्यांकडूनच शिकला.

१९६०च्या सुमारास निर्माता प्रिन्स बस्टरने फोक्स ब्रदर्सच्या ‘ओ कॅरोलिना’साठी ऑसीच्या मंडळींना स्टुडिओत आणलं. गाणं साधं प्रेमाचं, पण तळावरचे ढोल त्यातून घराघरांत शिरले. १९९३ साली शॅगीने तेच गाणं नव्याने गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मधल्या काळात मार्लीच्या वेलर्स या रेगे गटाने १९७३च्या ‘बर्निन’ अल्बममध्ये ‘रास्तामन चँट’ घेतलं. एरवी रेगेत हे तीन ढोल क्वचितच एकत्र दिसतात. त्यांच्या जागी ड्रमसेट आणि बेस गिटार आली, ठोक्यांमधली ऐसपैस जागा तेवढी टिकली.

त्याच १९७३ साली ऑसीच्या ‘मिस्टिक रेव्हलेशन ऑफ रास्ताफारी’ या गटाने तीन तबकड्यांचा ‘ग्राउनेशन’ अल्बम काढला. तीन मिनिटांच्या गाण्यात कोंबलेले ढोल इथे पाय पसरून बसतात. सेड्रिक ब्रुक्सचा सॅक्सोफोनही त्यांच्या चालीने चालतो. न्याबिंगी ऐकायची तर सुरुवात इथून करावी, मार्लीपासून नव्हे.