टेन्शन घेतल्याने एमएस होत नाही

एका सकाळी आरशात पाहताना माझ्या मावसबहिणीला कपाळावरची लाल टिकली उजव्या डोळ्याने फिकट, धुतल्यासारखी दिसली. तो डोळा झाकला की पुन्हा लालभडक. डोळ्याच्या नसेला सूज होती. एमआरआय झाला आणि निदान आलं : मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याच महिन्यात तिच्या सासूबाई पडल्या होत्या. झालं! भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, ‘‘अगं, सगळं मनाला लावून घेतेस ना, म्हणून झालं.’’ जिला आजार झाला, तिच्याच माथी त्याचं खापर! हे ऐकून ऐकून माझा संताप होतो.

तिच्या अहवालातच लिहिलं होतं, मेंदूतले काही चट्टे जुने आहेत. म्हणजे काहीच त्रास नव्हता तेव्हा उमटलेले. या आजारात प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण पोखरते आणि हे पोखरणं लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होतं. मग सासूबाईंचं पडणं कारण कसं? अमेरिकेत लाखावर परिचारिकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०११ साली निष्कर्ष आले. घरच्या किंवा कामाच्या ताणाने एमएसचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. आधीच असलेला आजार ताणाने उफाळू शकतो, पण उफाळणं निराळं आणि उद्भवणं निराळं.

कारणांचा सर्वांत भक्कम धागा एपस्टाइन-बार विषाणूचा आहे. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने तपासून २०२२ साली ‘सायन्स’मध्ये अभ्यास आला. ८०१ रुग्णांपैकी एक वगळता सर्वांना आजाराआधी या विषाणूची लागण झाली होती. लागणीनंतर धोका ३२ पट. मात्र हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच. म्हणून तो एकटा पुरत नाही. जनुकं, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा यांचीही साथ लागते.

‘आनुवंशिक आहे, मुलांनाही होणार’? सरूप जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला होतो तो साधारण चारांत एकदा. ‘गोऱ्यांचा आजार’? मुंबईच्या पारशी समाजात तो तुलनेने जास्त आढळतो, हे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० सालीच दाखवलं. हिपॅटायटिस-बीची लस? फ्रान्समध्ये शंका उठली, पुढच्या मोठ्या अभ्यासांत संबंध आढळला नाही. शिवल्याने पसरतो? मुळीच नाही. आणि ‘बाळंतपण झेपलं नाही’ म्हणतात, तर गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एमएसचे झटके उलट कमी होतात.