कॅनडातले जीवघेणे टोर्नेडो : मोबाईलवरचा अलर्ट नेमका येतो कुठून?

टोर्नेडो म्हटलं की डोळ्यांसमोर अमेरिका येते. पण टोर्नेडोंच्या संख्येत अमेरिकेनंतर जगात दुसरा नंबर लागतो तो थंडगार कॅनडाचा. आज बघूया तिथला इतिहास आणि जीव वाचवणारं तंत्रज्ञान.

१९१२ : कुठलीच सूचना नाही

३० जून १९१२ रोजी दुपारी रेजायना शहरावर टोर्नेडो आला. २८ जणांचा बळी गेला. कॅनडात आजवर एवढे बळी दुसऱ्या कुठल्याही टोर्नेडोने घेतलेले नाहीत. तेव्हा ना रडार होतं, ना रेडिओवरच्या बातम्या. लोकांना कळलं तेव्हा तो दारात होता.

१९८७ : एक फोन कॉल

३१ जुलै १९८७, एडमंटन. वादळी पावसाचा इशारा आधी दिलेला होता, पण टोर्नेडो आलाय हे हवामान केंद्राला कळलं ते लेडुकजवळच्या एका रहिवाशाच्या फोनमुळे! मग लगेच इशारा गेला, पण वेळ फारच थोडा होता. सुमारे तासभर तो जमिनीवर फिरत राहिला. २७ जण गेले, त्यातले १५ एकाच मोबाईल होम वसाहतीतले. अशा घरांना पक्का पाया नसतो, त्यामुळे ती सहज उलटतात.

डॉप्लर रडार काय करतं?

साधं रडार पाऊस कुठे आहे ते सांगतं. डॉप्लर रडार त्यापुढे जाऊन पावसाचे थेंब आपल्याकडे येतायत की लांब जातायत हेही ओळखतं, कारण परत येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते. शेजारी-शेजारी एकीकडे येणारा आणि दुसरीकडे जाणारा वारा दिसला, की समजायचं ढग आतून गरगर फिरतोय. मात्र पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबच्या ढगाचा खालचा भाग रडारला दिसत नाही. म्हणून प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसांची माहिती आजही लागतेच.

अलर्ट फोनवर कसा येतो?

२०१८ पासून कॅनडात असे इशारे थेट मोबाईलवर येतात. हा एसएमएस नसतो, याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या भागातल्या सगळ्या फोनना एकदम संदेश पाठवतो, नंबर माहीत असायची गरज नाही. २०२३ मध्ये आपल्याकडेही फोन अचानक जोरात वाजले होते ना? ती याच तंत्राची चाचणी होती.

अलर्ट आला तर?

तळघरात जा. ते नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, घराच्या मधोमध, बिनखिडकीच्या खोलीत किंवा बाथरूममध्ये थांबा. मोबाईल होममध्ये असाल तर बाहेर पडून जवळच्या पक्क्या इमारतीत जा. आणि व्हिडिओ काढायला खिडकीशी उभं राहू नका!

तुमचं कोणी टोरांटो किंवा कॅलगरीत राहत असेल, तर फोनवर आलेल्या अलर्टकडे दुर्लक्ष करू नका, एवढं त्यांना नक्की सांगा.