कुत्र्याला शिकवणे ही नुसती हौस नव्हे

जोयडा तालुक्यात कुत्रा नसलेले घर विरळाच. शेताची राखण करायला, डुकरांची चाहूल द्यायला आणि मुलांच्या सोबतीला तो अंगणात असतोच. पण त्याला काही शिकवावे, असे आपल्यापैकी थोड्यांनाच वाटते. ‘हात दे’, ‘लोळ’ हे शहरी हौशी लोकांचे चाळे, असा आपला समज. खरे तर रानाच्या कडेला राहणाऱ्या आपल्यालाच या शिकवणीची गरज जास्त आहे.

आपल्या तालुक्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो. बिबट्यासाठी कुत्रा हे सोपे भक्ष्य. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यापैकी वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. डुकराच्या किंवा गव्याच्या मागे रानात शिरलेला कुत्रा जखमी होऊन येतो, कधी येतच नाही. अशा वेळी ‘ये’ म्हणताच मागे फिरणारा कुत्रा वाचतो. म्हणून पहिला धडा ‘ये’चाच.

आपल्या घरांत एक अडचण असते. आजी मराठीत ‘ये’ म्हणते, शेजारी कोकणीत ‘यो’ आणि शाळेतून आलेली मुले कन्नडमध्ये ‘बा’. कुत्र्याला भाषा कळत नाही, आवाज कळतो. म्हणून घरातल्या सर्वांनी मिळून एकच शब्द ठरवावा.

शिकवण्याची रीत सोपी आहे. सुक्या मासळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा हातात घ्यावा. ‘बस’ शिकवताना तो नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागे न्यावा; मान वर जाते आणि कुत्रा आपोआप खाली टेकतो. टेकताच तुकडा द्यावा. उशिरा दिलेले बक्षीस कशासाठी, हे त्याला उमगत नाही. ‘ये’ शिकवताना लांब दावे बांधावे, आणि बोलावून कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या हाकेला येत नाही. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे पुरेत.

आता ‘हात दे’ आणि ‘लोळ’. पंजा हातात द्यायची सवय झालेला कुत्रा काटा काढू देतो. लोळणारा कुत्रा पोट व काखा दाखवतो, तिथल्या गोचिडी वेळीच दिसतात. माकडताप गोचिडींमार्फत पसरतो, आणि रानात फिरणारा कुत्रा त्या घरापर्यंत आणू शकतो. म्हणजे ही तपासणी घरातल्या माणसांसाठीही आहे. मात्र गोचीड उघड्या हातांनी काढू नये व चिरडू नये.

पावसाळ्यात कुत्रा दिवसच्या दिवस पडवीत अडकतो. मग चपला कुरतडणे, उगाच भुंकणे सुरू होते. वाटीखाली लपवलेला तुकडा शोधणे किंवा नावाने ओळखलेली वस्तू आणणे, असे खेळ त्याच्या डोक्याला काम देतात. मुलांनाही धीर धरायची आणि मुक्या जिवाचे वागणे ओळखायची सवय लागते. लहान मुले शिकवत असतील तर मोठ्यांनी जवळ बसावे.

शिकवणीने सगळे धोके टळत नाहीत. रात्री कुत्रा बंद जागेत ठेवावा आणि रेबीजची लस वेळेवर द्यावी. वय झालेला कुत्रा शिकत नाही, हे मात्र खरे नाही. त्याला थोडा वेळ जास्त लागतो, एवढेच.