जुन्या मोटारीचे इंजिन मंद वेगात अशक्त का होते?

बेसा व त्याच्या पलीकडील गावांतून कळमना बाजाराकडे जावयाचे, तर नागपूर शहर ओलांडावे लागते. वाटेत चौकाचौकांत थांबणे आणि पुन्हा निघणे आलेच. रात्री-अपरात्री आजारी माणसास ‘मेडिकल’मध्ये पोचवावयाचे झाले, तरी हाच प्रकार. अशा प्रवासात मोटारीचा कमाल वेग कितीही असला तरी त्याचा उपयोग होत नाही. पहिल्या व दुसऱ्या गिअरात, इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना ते ओझे ओढते की नाही, यावरच सारे अवलंबून असते.

मारुती ८०० व अँबॅसडर या दोन्ही मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले; त्यांतील कार्बुरेटरच्या पेट्रोल गाड्या तर आणखी जुन्या आहेत. अशा गाडीत पुढील दोष वारंवार आढळतो. क्लच सोडताच गाडी आचके देते, चढणीवर दम सोडते, इंजिन बंद पडू नये म्हणून एक्सलरेटर दाबून धरावा लागतो. परंतु तीच गाडी वर्धा मार्गावर मोकळी सुटली की बरी पळते. यावर दोन ठराविक उपाय सांगितले जातात. एक कार्बुरेटर बदलणे, दुसरा संपूर्ण इंजिन खोलणे. दोन्ही खर्चाचे आहेत, आणि निदान न करता केल्यास बहुधा निरुपयोगी.

दोष फक्त मंद वेगातच दिसतो, ही तक्रार नव्हे. तो निदानाचा पहिला पुरावा होय. इंजिन मिनिटास १,००० फेऱ्या करीत असेल, तर दट्ट्यास एकदा वर येण्यास सुमारे ०.०३ सेकंद लागतात. ४,००० फेऱ्यांस हा काळ एक-चतुर्थांश होतो. झडप नीट बसत नसेल अथवा रिंगा झिजल्या असतील, तर दाबलेल्या वायूस निसटून जाण्यास मंद वेगात चौपट अवधी मिळतो. हवेच्या गळतीचेही तसेच आहे. एक्सलरेटर थोडाच दाबलेला असताना इंजिन फार कमी हवा घेते व मॅनिफोल्डमध्ये जोराचे शोषण असते. त्या वेळी एखाद्या भेगेतून शिरलेली हवा एकूण हवेच्या मानाने पुष्कळ ठरते आणि मिश्रण पातळ होते. वेग वाढला की तीच भेग नगण्य होते. उलट, गाडी मंद वेगात चांगली व भरधाव असताना अशक्त असेल, तर पेट्रोल पंप, चोंदलेली गाळणी किंवा तुंबलेला सायलेन्सर यांकडे पाहावे.

इंजिनास दोष देण्यापूर्वी गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहावी. ती जड वाटल्यास ब्रेक अडकत असण्याचा संभव आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे.

त्यानंतर हवेची गळती शोधावी. नागपूरकडील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात, विशेषतः तोंडाशी. इंजिन गरम करून मंद चालू ठेवावे व नळ्या एकेक करून चिमटीत दाबाव्यात. नळी दाबताच चाल सुधारली, तर गळती तिच्या पलीकडे आहे. कार्बुरेटरच्या बैठकीच्या गॅस्केटवर व मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचे पाणी थोडे थोडे सोडावे. पाणी पडताच चाल बदलली की जागा सापडली. काही लोक यासाठी पेट्रोल शिंपडतात. तप्त इंजिनावर हा प्रकार आगीला आमंत्रण देणारा आहे, तो कदापि करू नये. हे सर्व काम उघड्यावर करावे. बंद कोठ्यात इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो.

आता ठिणगी. पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटची टाच झिजत जाते, तसे पॉइंटमधील अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिराच्या ठिणगीने इंजिन ढिले पडते व तापते. जुन्या अँबॅसडरच्या ल्युकास डिस्ट्रिब्यूटरला हे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे लागते. इतर गाड्यांचे माप त्यांच्या पुस्तिकेत पाहावे. डिस्ट्रिब्यूटरच्या शोषणनळीचे टोक काढून तोंडाने ओढले असता आतील तबकडी हलली पाहिजे व ओढ कायम ठेवल्यास तेथेच थांबली पाहिजे. तसे न झाल्यास आतील पडदा फाटलेला आहे. ही चाचणी फुकट होते, तरीही ती क्वचितच केली जाते.

कार्बुरेटरची पाळी यानंतर यावी. पेडल दाबताच क्षणभर दम जाऊन मग गाडी उचलत असेल, तर इंजिन बंद ठेवून कार्बुरेटरच्या तोंडात पाहत एक्सलरेटर हलवावा. ज्या कार्बुरेटरला एक्सलरेटर पंप आहे, त्यात पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. धार नसल्यास पंप वा त्याचे छिद्र साफ करावे. मंद गतीचा जेट कचऱ्याने भरल्यासही असेच होते. येथे इंधनाचाही विचार करावा लागतो. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ऊस, मका व तांदूळ यांपासून बनणाऱ्या या इंधनात शेतकऱ्यांचा वाटा आहे हे खरे. परंतु इथेनॉल जाळण्यास हवा कमी लागते, आणि जुना कार्बुरेटर हा फरक आपोआप भरून काढू शकत नाही. मिश्रण पातळ होते. शिवाय त्याकाळचे रबरी भाग इथेनॉलने फुगतात वा मऊ पडतात.

एवढे करूनही गुण न आल्यास दाब मोजावा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, कॉइलची तार काढलेली, सर्व प्लग बाहेर आणि एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून सारख्याच वेळा स्टार्टर फिरवावा. सर्व आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक आकडा बराच कमी आल्यास त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर दोष झडपेत वा गॅस्केटमध्ये आहे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असल्यास बहुधा हेडचे गॅस्केट गेलेले असते. मारुती ८०० ला सिलिंडर तीनच. त्यांतील एक निकामी म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली.

झडपांबाबत एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. टकटक करणारी झडप लोकांना खटकते, म्हणून मिस्त्री तिची फट आवळून देतो. वस्तुतः गप्प झडप अधिक धोक्याची. फट उरली नाही तर झडप पुरती मिटत नाही, दाब निसटतो व तिची कड जळते. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले. पूर्वी शिशाचा पातळ थर झडपेच्या बैठकीचे रक्षण करीत असे. अँबॅसडरच्या जुन्या इंजिनात ही बैठक बिडाच्या हेडमध्येच कोरलेली असल्याने ती झिजून झडप वर सरकते व फट आपोआप नाहीशी होते. गॅसवर चालविलेल्या गाड्यांतही हेच घडते. अशा गाड्यांची फट वरचेवर तपासावी. फीलर गेज व पाने हाताशी असल्यास हे काम अर्ध्या दिवसात होते.

मिस्त्री इंजिन खोलण्यास सांगत असेल, तर ग्रामसेवकांनी शेतकऱ्यास एवढेच सुचवावे की, प्रत्येक सिलिंडरचा दाब, तेल घालण्यापूर्वीचा व नंतरचा, आधी कागदावर लिहून घ्यावा. ते आकडे हाती आल्यावर हेड उतरवावयाचे की केवळ झडपांची फट लावावयाची, हे मिस्त्रीसमक्षच ठरविता येते.