हाकेला ओ

आमच्या धारूरच्या शेतावर आजवर दोन कुत्री झाली. पहिला वाघ्या, दुसरा टिप्या. दोघंही गावठी, दोघंही हुशार आणि दोघांनाही आमच्या घरचीच भाकर. पण वाघ्या हाकेला यायचा नाही आणि टिप्या येतो. आधी मला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव! आता कळतंय की फरक कुत्र्यांत नव्हता, आमच्यात होता. तो नेमका काय, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

धारूर बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं आहे. तेलगावकडून यायचं तर घाट चढूनच गावात यावं लागतं. रस्ता अरुंद, वळणं अवघड, आणि ऊसतोडीच्या हंगामात उसाने खच्चून भरलेल्या गाड्यांची रीघ. आमचं शेत याच रस्त्याला लागून. मी बारावीला होतो, जानेवारी महिना होता. संध्याकाळी वाघ्या रस्त्याच्या मधोमध काहीतरी हुंगत उभा होता आणि वळणावरून भरलेला ट्रक येताना मला दिसला. मी बांधावरून जीव खाऊन ओरडलो, "वाघ्या, ये! ये! ये!" त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कान मागे पाडले, शेपूट खाली घातलं आणि तिथंच उभा राहिला. पुढचं सांगत नाही. ड्रायव्हरची चूक नव्हती, उतारावर भरलेली गाडी जागेवर थांबत नसते.

त्याला ऐकू आलं होतं, मी दिसलोही होतो. मग तो आला का नाही?

"कवा बोलवता? बांधायला!"

याचं उत्तर मला एका मेंढपाळ बाबांकडून मिळालं. हिवाळ्यात आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात. त्यांच्याबरोबरची कुत्री कधी बांधलेली नसतात, तरी एका हाकेत येतात. मी वाघ्याचं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "तुमी त्याला कवा बोलवता? बांधायला. मंग ते कशाला यील?"

मी रात्री बसून आठवलं. आम्ही वाघ्याला "ये" कधी म्हणायचो? साखळीला बांधायचं असेल तेव्हा. अंगाला गोचिडाचं औषध चोळायचं असेल तेव्हा. शेजारच्यांच्या कोंबड्यांमागे धावला म्हणून दोन रट्टे द्यायचे असतील तेव्हा. भाकर टाकताना मात्र कुणी "ये" म्हणायचं नाही, ताटलीचा आवाज आला की तो आपसूक यायचा. म्हणजे दोन वर्षं आम्हीच त्याला शिकवत होतो की "ये" ऐकलं की जवळ जाण्यात नुकसान आहे. रस्त्यावरसुद्धा तो शिकवलेलंच वागला.

हॉस्टेलवाल्यांना हे पटकन समजेल. "तुला रेक्टर सरांनी बोलावलंय" असं कुणी सांगितलं की पोटात गोळा येतो की नाही? सर बिचारे कदाचित स्कॉलरशिपचा फॉर्म द्यायला बोलावत असतील! पण आजवरचा अनुभव वेगळा असतो, म्हणून पाय आधी बाथरूमकडे वळतात. (सरांनी राग मानू नये, हे फक्त उदाहरण आहे.)

थोडं शास्त्र

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्या कामातूनच पुढे त्यांनी दाखवलं की अन्नाच्या आधी एखादी खूण वारंवार मिळाली, तर नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. म्हणजे आवाजाला स्वतःचा अर्थ नसतो, त्याच्यामागून जे येतं तो त्याचा अर्थ. दुसरीकडे अमेरिकेत थॉर्नडाईक यांनी १८९८ मध्ये पिंजऱ्यातल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचा शेवट गोड होतो ती प्राणी पुन्हा करतो, ज्या कृतीने त्रास होतो ती टाळतो. स्किनर यांनी पुढे याच विचाराचा विस्तार केला.

आपल्या कामापुरतं यातून एवढंच घ्यायचं: प्रत्येक हाक ही हाकेच्या खात्यात जमा तरी होते, नाहीतर खर्च तरी. वाघ्याचं खातं आम्ही रिकामं करून ठेवलं होतं आणि गरज पडली त्या संध्याकाळी एकदम मोठी रक्कम काढायला गेलो.

टिप्याची शाळा

टिप्या आला तेव्हा अडीच महिन्यांचा होता. मला पहिल्या वर्षाची उन्हाळी सुट्टी होती. तीन महिन्यांचा झाल्यावर त्याला रेबीजची लस टोचून घेतली आणि शाळा सुरू केली. सुट्टी संपल्यावर मी हॉस्टेलला परतलो, पुढचं सगळं आठवीतल्या बहिणीने केलं. खरी मास्तरीण तीच. तिने वहीत रकाने पाडले होते: तारीख, जागा, किती हाका, किती वेळा आला. आम्ही केलं ते असं:

१) नवा शब्द. "ये" हा शब्द घरात दिवसभर सगळ्यांसाठी वापरला जातो, तो कुत्र्याच्या दृष्टीने गुळगुळीत झालेला असतो. आम्ही "इकडं!" हा शब्द आणि त्यासोबत खेळाच्या तासाची साधी शिट्टी ठरवली. शिट्टीचा फायदा असा की ती कुणीही वाजवली तरी आवाज जवळजवळ तोच. आपला गळा मात्र घाबरल्यावर चिरकतो, रागात दरडावतो, आणि ते कुत्र्याला शब्दाआधी कळतं.

२) पहिला आठवडा फक्त घरात. कुत्रं दोन पावलांवर असताना "इकडं!" म्हणायचं आणि एका सेकंदाच्या आत तोंडात खाऊ. खाऊ रोजच्या भाकरीपेक्षा भारी हवा. आम्ही उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचो. (कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्याला द्यायचं नाही. कोंबडीची शिजवलेली हाडंही नाही, ती फुटून टोकदार होतात.)

३) हाक एकदाच. "ये ये ये ये" केलं की कुत्रं शिकतं की पहिल्या तीन हाका सोडून दिल्या तरी चालतं. ताशी ३० किलोमीटरने धावणारं कुत्रं सेकंदाला आठ मीटरहून जास्त जातं. तुमच्या तीन सेकंदांच्या आरडाओरड्यात ते २५ मीटर पुढे गेलेलं असतं! येणार नाही असं वाटत असेल तर हाक मारूच नका, गुपचूप जाऊन घेऊन या.

४) आल्यावर पट्ट्याला हात, खाऊ, आणि पुन्हा मोकळा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. दहा हाकांपैकी नऊ वेळा त्याला परत खेळायला सोडायचं. नाहीतर हाक म्हणजे खेळ संपला, असा हिशोब तो करतो. आणि हात पट्ट्याला लागल्यावरच खाऊ द्यायचा, म्हणजे जवळ येऊन हुलकावणी देण्याची सवय लागत नाही.

५) लांब दोरी. बाहेर नेताना एकदम मोकळं सोडायचं नाही. आम्ही साधारण दहा मीटरची सुती दोरी वापरली, ती गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला, म्हणजे झटका मानेला बसत नाही. जमिनीवर ओढत जाणाऱ्या टोकाला गाठ ठेवायची नाही, बोरी-बाभळीत अडकते. या दोरीने त्याला ओढून आणायचं नसतं. न ऐकता पळून जाण्यातली मजा त्याला कळू नये, एवढंच तिचं काम.

६) एका वेळी एकच बदल. लॅबमध्ये आपण एक राशी बदलताना बाकीच्या स्थिर ठेवतो ना, तसंच. अंतर वाढवलं तर जागा तीच ठेवायची. जागा बदलली तर अंतर कमी करायचं. घर, अंगण, रिकामं रान, मग दुरून दिसणाऱ्या शेळ्या, अशा क्रमाने गेलो. तिसऱ्या महिन्यात बहिणीने त्याला किल्ल्याच्या बाजूला नेलं. हा किल्ला १५६७ साली आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला, पण टिप्याला इतिहासापेक्षा तिथल्या शेळ्यांत जास्त रस! वहीतला आमचा नियम असा होता: दहापैकी आठ वेळा आला तर पुढची पायरी, पाचपेक्षा कमी वेळा आला तर एक पायरी मागे.

७) आल्यावर कधीही रागवायचं नाही. त्याने चप्पल फाडली, चिखलात लोळला, अर्धा तास उशिरा आला, तरीसुद्धा नाही. तुम्ही चपलेबद्दल रागावता, त्याला मात्र कळतं की आलो म्हणून मार बसला.

८) मागे धावायचं नाही. आपण धावलो की त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. उलट दिशेने पळा किंवा खाली बसा. बहुतेक वेळा तो बघायला येतोच.

पक्कं झाल्यावर खाऊ दर वेळी नसला तरी चालतो. कधी अंडं, कधी नुसती शाबासकी, कधी पाच तुकडे एकदम. कधी काय मिळेल हे नक्की नसलं की सवय उलट जास्त टिकते, हे स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ च्या ग्रंथात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं आहे. पण शेळ्यांच्या मागून परत आला तर तिथे कंजुषी करू नका.

अडचणी आल्याच

पहिली अडचण आईची. संध्याकाळी ती "टिप्या, इकडं!" म्हणून त्याला बोलवायची आणि बांधायची. आठवड्यात वहीतले आकडे घसरले. बहिणीने वही दाखवली तर आई म्हणाली, "मला सतरा कामं. मी काय गळ्यात शिट्टी घालून फिरू का?" मग तह झाला: आईने "ये" म्हणावं, चिडावं, बांधावं, काहीही करावं, पण "इकडं" आणि शिट्टीला हात लावू नये. तेव्हापासून आकडे पुन्हा चढले.

दुसरी दिवाळी. फटाक्यांनी टिप्या दोन दिवस पलंगाखालून निघाला नाही आणि नंतर अंगणातही हाकेला येईना. आम्ही चिडलो नाही, परत पहिल्या आठवड्याच्या धड्यापासून सुरुवात केली. या वेळी पंधरा दिवसांत गाडी रुळावर आली.

जातीचाही थोडा प्रश्न असतो. आपल्याकडची कारवानी किंवा पश्मी कुत्री नजरेने शिकार हेरून स्वतःच्या निर्णयाने धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली. समोर ससा पळाला की त्यांचे कान बंद होतात म्हणा ना! त्यांना हेच शिक्षण जास्त महिने आणि जास्त दिवस दोरीवर द्यावं लागतं.

किती भरवसा?

इथे आपलं गणित कामाला येतं. समजा कुत्रं शंभरात ९५ वेळा येतं. निकाल म्हणून डिस्टिंक्शन! पण रोज दहा हाका मारल्या तर सरासरीने दर दोन दिवसांत एक हाक वाया जाणार. ओळीने वीस हाका मारल्या आणि प्रत्येक हाक स्वतंत्र धरली, तर वीसही यशस्वी होण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. म्हणून टिप्या कितीही शहाणा झाला तरी घाटरस्त्याजवळ तो दोरीवरच असतो. शिट्टी ही दोरी सुटली तर असावी म्हणून.

मग कायम बांधूनच का ठेवू नये, असं बाबांनी विचारलं होतं. सतत बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, आणि ज्या दिवशी साखळी तुटते त्या दिवशी त्याला हाक ठाऊकच नसते. शिवाय १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीला गेलो होतो. रस्त्यापासून दूर, वरच्या रानात टिप्या मोकळा होता. तुरीतून ससा निघाला आणि हा सुटला. मी शिट्टी एकदाच वाजवली. तो वीसेक पावलं तसाच पळत गेला, मला वाटलं गेला. मग वळला आणि जीभ बाहेर काढून सरळ माझ्याकडे आला. माझ्या खिशात अंडं नव्हतं, डब्यातली अख्खी पोळी-भाजी त्याला दिली. पट्टा धरून बराच वेळ तसाच बसलो. वाघ्याची आठवण आली, हे खोटं कशाला बोलू?

जाता जाता एक सूचना. हा प्रयोग हॉस्टेलमागच्या भटक्या कुत्र्यांवर करू नका. "यू यू" करून बोलवायचं आणि जवळ आल्यावर "हाड!" म्हणून दगड मारायचा, ही गंमत तर मुळीच नको. त्याने कुत्रं माणसाच्या हाकेलाच घाबरायला शिकतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी सुट्टीत पहिला आठवडा एवढंच करावं: हाक एकदा, खाऊ लगेच, आणि परत मोकळं सोडून द्यायचं. दिवसाला पाच मिनिटं पुरतात. धाकटी बहीण असेल तर वही तिच्याकडे द्या, ती तुमच्यापेक्षा नेमाने करेल.