पहिल्या प्रयत्नानंतरचे दिवस

आमच्या वार्षिक अहवालात आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती व डायलिसिस यांचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यांतच 'विषबाधा' असा एक रकाना असतो. दाखल झालेले, बरे होऊन गेलेले व दगावलेले अशा तीन आकड्यांपलीकडे त्याविषयी काही लिहावे, असे आम्हांस आजवर वाटले नव्हते. यंदा त्या रकान्याविषयी विस्ताराने लिहीत आहोत, त्याचे कारण प्रथम नमूद करणे योग्य होईल.

निर्धन रुग्ण निधीतून द्यावयाच्या सवलतीचे कागद तयार करताना हिशेब विभागातील एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आले की, एकाच व्यक्तीच्या नावे, एकाच कारणासाठी, ही सवलतीची दुसरी नोंद आहे. पहिल्या वेळचे डिस्चार्ज कार्ड काढून पाहिले. त्यावर 'प्रकृतीत समाधानकारक सुधारणा, रजा देण्यात येत आहे' असा शेरा होता आणि आठ दिवसांनी बाह्यरुग्ण विभागात दाखविण्याची सूचना होती. ती व्यक्ती आली नाही, आणि ती का आली नाही याची चौकशी आमच्याकडून झाली नाही. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले. त्या व्यक्तीविषयी याहून अधिक लिहिणे उचित नाही; मात्र विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवण्यात आले व त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

प्रस्तुत मजकूर लिहिणारे आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. जे पुढे देत आहोत ते आमच्या मानद मानसोपचारतज्ज्ञांकडून व वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून समजून घेतलेले आहे.

ज्याने एकदा स्वतःला इजा करून घेतली आहे, त्याला पुढील काळात असलेला धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो. आत्महत्येच्या ज्ञात जोखमींमध्ये 'पूर्वीचा प्रयत्न' ही सर्वांत ठळक जोखीम मानली जाते. रुग्णालयात उपचार घेतलेल्या अशा रुग्णांच्या अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारणपणे सहा जणांपैकी एक जण वर्षभरात पुन्हा स्वतःला इजा करतो, आणि शंभरांतील एक ते दोन व्यक्ती त्याच वर्षात आत्महत्येने मृत्यू पावतात. यातही पहिले काही आठवडे विशेष नाजूक असतात. आमच्या कार्डावरील 'सुधारणा' हा शब्द यकृत, मूत्रपिंड व श्वसन यांच्यापुरता खरा होता. ज्या घरातून व ज्या विवंचनेतून रुग्ण आला, त्याच घरी व त्याच विवंचनेत तो परत गेला, आणि जाताना लोकलज्जेचे ओझे तेवढे वाढले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के व आजारपण १८.४ टक्के दाखविले आहेत. हिशेबनीसाच्या दृष्टीने हा तक्ता नीटनेटका आहे, कारण प्रत्येक रकमेला एक खाते लागते. परंतु माणसाचे आयुष्य असे एका खात्यावर टाकता येत नाही, हे आमच्या समाजसेवा अधीक्षकांकडील नोंदी वाचताना प्रकर्षाने जाणवते. 'सासूशी भांडण' असे कारण लिहिलेल्या रुग्णाशी तासभर बोलल्यावर बाळंतपणानंतरची अखंड उदासी पुढे येते. 'कर्जबाजारीपणा' या शब्दामागे दोन वर्षांची निद्रानाशाची तक्रार आणि दररोजचे मद्यपान असते. पोटदुखीच्या त्रासाला कंटाळून, असे जेव्हा नातेवाईक सांगतात तेव्हा पोटदुखी खरी असतेच. तिच्यासोबत आणखी काय होते, हे विचारावे लागते.

नैराश्य व अन्य मानसिक आजार, दारूचे व्यसन, दीर्घकालीन वेदना, घरातील मारहाण, लहानपणी झालेला छळ, कुटुंबातील पूर्वीची आत्महत्या, नुकताच झालेला वियोग, कर्ज किंवा नोकरी जाणे, एकाकीपणा आणि 'आता काहीच बदलणार नाही' ही भावना, या सर्व जोखमी सर्वमान्य आहेत. यांपैकी दोन बाबींवर थोडे अधिक लिहावेसे वाटते. पहिली दारू. ती नैराश्य वाढविते, घरातील कलह वाढविते, आणि ऐन क्षणी सारासार विचाराचा लगाम सोडविते. म्हणजे एकाच दुखण्यात तिचा तीन ठिकाणी हात असतो. दुसरी बाब विवाहित स्त्रियांची. विवाह हे संरक्षण आहे असे आपण गृहीत धरतो. २०१६ साली जगभरात आत्महत्येने मृत्यू पावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के भारतीय होत्या, हा आकडा या गृहीतकाजवळ ठेवून पाहावा. नवऱ्याच्या देखत तिला 'घरी काही त्रास आहे का?' असे विचारण्याची आमची जुनी पद्धत होती. तिचे उत्तर काय येणार, हे सांगावयास नको.

येथे आमच्याच एका चुकीची कबुली देणे आवश्यक आहे. बैठकीनंतर आम्ही उत्साहाने एक तक्ता तयार केला होता. प्रत्येक जोखमीला गुण द्यावयाचे, बेरीज करावयाची, अमुक गुणांवर 'अधिक धोका' व त्याखाली 'कमी धोका' असा शिक्का मारावयाचा आणि पहिल्या गटाकडेच लक्ष पुरवावयाचे, अशी ती योजना होती. मनुष्यबळ अपुरे असल्याने ती आम्हांस व्यवहार्य वाटली. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी तो कागद शांतपणे वाचून परत केला. २०१७ साली पन्नास वर्षांतील शेकडो अभ्यासांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा अशा जोखमींवरून कोण आत्महत्या करील याचे भाकीत नाणेफेकीहून फारसे सरस नसते असे दिसले. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने तर सप्टेंबर २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत, अशा गुणतक्त्यांवरून कोणाला उपचार द्यावयाचे ते ठरवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. 'कमी धोका' असे ज्यांच्या कागदावर लिहिले जाते, त्यांतूनही अनेक मृत्यू होतात. जोखमींची यादी समोरच्या व्यक्तीला काय विचारावे व कोणती मदत द्यावी यासाठी उपयोगी आहे. माणसे चाळून बाजूला काढण्यासाठी ती चाळणी म्हणून वापरता येत नाही. तो तक्ता रद्द करण्यात आला.

मग करावयाचे काय? याबाबत आम्हांस सर्वाधिक धीर दिला तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने. भारतातील चेन्नई, श्रीलंकेतील कोलंबो, तसेच ब्राझील, इराण व चीन येथील प्रत्येकी एक, अशा पाच ठिकाणी १,८६७ रुग्णांवर तो झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी रजेच्या सुमारास तासभर समजावणीचे बोलणे झाले व पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीने अथवा प्रत्यक्ष भेटून विचारपूस करण्यात आली. पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यूंचे प्रमाण २.२ टक्के आढळले, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. नंतरच्या सर्वच अभ्यासांत इतका मोठा फरक दिसलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही अतिदक्षता विभागातील एका दिवसाचा खर्च आणि नऊ फोनचा खर्च यांची तुलना करण्यास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

अडचण पैशाची कमी व भीतीची जास्त आहे. नातेवाईक पोलिसांच्या धास्तीने 'औषध समजून चुकून घेतले' असे सांगतात आणि तब्येत जरा सावरताच वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रजा मागतात. येथे कायदा बदलला आहे, ते सर्वांना कळणे जरूर आहे. दिनांक २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. शासकीय सेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी वा भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती तरतूद तेवढी आहे. रुग्णालयाने पोलिसांना कळविण्याची पद्धत चालू आहे, परंतु ती नोंद म्हणजे रुग्णाला शिक्षा नव्हे. खरे कारण डॉक्टरांना सांगावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

दुसरी विनंती शेतकरी कुटुंबांस आहे. अनेक प्रयत्न दीर्घ विचारांती होत नाहीत. संतापाच्या किंवा निराशेच्या भरात, हाताशी जे असेल त्याने होतात. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. उलट, त्याच देशात घरोघरी कुलपाच्या पेट्या देण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचा लाभ मात्र २०१७ च्या निष्कर्षांत आढळला नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, उरलेली फवारणीची औषधे राहत्या घरात मुळीच ठेवू नयेत, आणि घरी एखादी व्यक्ती रुग्णालयातून परतली असेल तर तिची नेहमीची औषधेही दुसऱ्याने सांभाळावीत व दिवसापुरतीच द्यावीत. 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे आपुलकीने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. बहुधा मन मोकळे होते.

अहवाल वर्षाच्या उत्तरार्धापासून विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाशी रजेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञ अथवा समाजसेवा अधीक्षक एकांतात बोलतात. डिस्चार्ज कार्डावर 'पुढील फोन' अशी नवी ओळ छापून घेतली असून तिच्यापुढे तारीख लिहिल्याशिवाय हिशेब विभाग अंतिम बिल देत नाही. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा अहोरात्र चालणारा विनाशुल्क क्रमांकही त्याच कार्डावर आहे. फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावयाचा, आणि तिसऱ्या दिवशीही न लागल्यास गावातील आशा कार्यकर्तीमार्फत केवळ प्रकृतीची चौकशी करावयाची, कारण उघड करावयाचे नाही, असे ठरले आहे. फोनची नोंदवही तूर्त समाजसेवा अधीक्षकांच्या मेजावर असते. त्या रजेवर असताना ती कोणी सांभाळावी, याचा निर्णय विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत व्हावयाचा आहे.