बिनतारी दुव्याचा दोषशोध

तारेने जोडलेले संदेशवहन बंद पडले, तर दोष शोधण्याचा एक सरळ मार्ग असतो: तारेच्या कडेकडेने चालत जावे, आणि जेथे ती तुटली असेल तेथे थांबावे. बिनतारी दुव्याला ही सोय नाही. दोन मनोऱ्यांच्या मधल्या पंधरावीस किलोमीटरांत डोळ्यांना दिसेल असे काहीच नसते. दोन टोकांना दोन ॲंटेना, मध्ये मोकळे आकाश. आणि कालपर्यंत सुरळीत चाललेला दुवा आज मंदावतो. अशा वेळी दोष हवेतच असावा, असे मानण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. तो बहुधा चुकीचा ठरतो.

तमिळनाडूतील थेनी जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराई येथे अरविंद नेत्र रुग्णालयाची स्थापना केली. त्याच संस्थेच्या थेनी येथील रुग्णालयाशी आसपासच्या गावांतील दृष्टिकेंद्रे २००६ च्या सुमारास बिनतारी दुव्यांनी जोडण्यात आली. काही अंतरे थोडी होती, तर काही सुमारे १५ किलोमीटरपर्यंत. हे काम रुग्णालय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील संशोधक यांनी मिळून केले. गावातील केंद्रात प्रशिक्षित तंत्रज्ञ रुग्णाचे डोळे तपासतो, आणि रुग्णालयातील डॉक्टर पडद्यावर रुग्णाशी बोलून सल्ला देतात. चष्मा पुरेसा आहे की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हवी, याचा निर्णय गावातच होतो. मजुरीवर पोट असलेल्या माणसाची प्रवासाची खर्ची आणि एका दिवसाचा रोजगार त्यामुळे वाचतो. दुवा तुटला की हे सारे थांबते. आणि दोनतीनदा हात हलवीत परतलेला म्हातारा चौथ्यांदा केंद्राची पायरी चढेलच, असे नाही.

या दुव्यांच्या अनुभवातून संशोधकांना जे आढळले, ते विचार करण्यासारखे आहे. पुष्कळ बिघाडांचे मूळ लहरींत नव्हते, तर विजेत होते. विजेचा दाब एकाएकी उसळे आणि यंत्रे जळत, स्मरणपत्रिका बिघडत. दाब फार उतरला, तर राउटर पुरता बंदही होत नसे आणि कामही करीत नसे. नुसताच अडकून बसे. दूर शहरात बसलेल्या जाणत्याला मात्र दिसे एवढेच, की दुवा मेला आहे. त्याने मनोऱ्यावर माणूस चढवून ॲंटेना फिरवावयास लावली, तर ती ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशीच गत होय. म्हणून पहिला नियम असा, की दोषशोधाला जमिनीवरून आरंभ करावा: वीज, बॅटरी, मग यंत्र, मग केबल, आणि ॲंटेना त्यानंतर.

दुसरा नियम हिशेबाचा. बिनतारी दुव्याचा जमाखर्च डेसिबलमध्ये मांडतात. १० डेसिबलची घट म्हणजे शक्ती दशांशावर येणे. २० ची घट म्हणजे शतांशावर. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी १५ किलोमीटर चालून जाताना केवळ पसरण्यामुळे सुमारे १२३ डेसिबलने क्षीण होतात. प्रक्षेपकाची शक्ती आणि दोन्ही ॲंटेनांचा लाभ जमेस धरून, ही घट आणि केबलचा व्यय वजा केला, की पलीकडे किती संकेत पोचावा याचा आकडा कागदावर निघतो. समजा, तो उणे ६५ निघाला आणि यंत्र उणे ८५ दाखवीत आहे. तर वाटेत शंभरातील नव्याण्णव भाग कोठे तरी गहाळ होत आहेत. आकडा हिशेबाशी जुळत असेल, तर ॲंटेनाला हात लावण्याचे कारणच उरत नाही. हा एक निष्कर्ष पुष्कळ श्रम वाचवितो.

संकेत खरोखरच घटला असेल, तर तो केव्हा घटतो हे पाहावे. पावसात दुवा बिघडला की लोक पावसाला दोष देतात. परंतु या कंपनसंख्येच्या लहरींना पावसाचे थेंब जवळजवळ अडवीतच नाहीत. खरा अपराधी असतो तो जोडणीत शिरलेले पाणी, किंवा वाटेतील झाडांची भिजलेली पाने. दोहोंतील भेद काळाने कळतो. पाने वाळताच दुवा सुधारतो. केबलमध्ये मुरलेले पाणी मात्र ऊन पडून चार दिवस झाले तरी हटत नाही. जोडणीवर जलरोधक पट्टी नीट गुंडाळणे, आणि केबल यंत्रात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देणे, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाईल, हे उपाय क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांवाचून मोठमोठे दुवे निकामी होतात.

संकेत महिनोन्महिने हळूहळू घटत गेला असेल, तर झाडांकडे पाहावे. एका मनोऱ्यावरून दुसरा दिसतो, एवढ्याने मार्ग मोकळा ठरत नाही. लहरींना रेषेभोवती दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर असा अवकाश लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याच्या नावाने तो ओळखला जातो. १५ किलोमीटरच्या दुव्यात, २.४ गिगाहर्ट्झला, मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे २१ मीटर भरते. तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सुमारे १३ मीटर, मोकळा असावा लागतो. त्यात पृथ्वीच्या गोलाईचे तीनेक मीटर धरावे लागतात. उभारणीच्या वर्षी जो माड या अवकाशाच्या खाली होता, तो पाच वर्षांनी आत डोकावू लागतो.

संकेत एका वादळानंतर एकदम घटला असेल, तर ॲंटेना हलल्याचा संशय घ्यावा. येथे एक फसगत संभवते. दिशादर्शी ॲंटेनाच्या मुख्य झोताच्या दोहो बाजूंस दुय्यम झोत असतात. तंत्रज्ञ ॲंटेना फिरवितो, संकेत वाढून पुन्हा उतरू लागतो. शिखर सापडले असे समजून तो बोल्ट आवळतो. प्रत्यक्षात ते दुय्यम झोताचे शिखर असते, आणि खरे शिखर कित्येक पटींनी उंच असूनही पुढे राहून जाते. म्हणून दोन्ही बाजूंना दूरवर फिरवून, सर्व शिखरे पाहून, मगच निश्चय करावा. त्या वेळी दुसऱ्या टोकाची ॲंटेना स्थिर असावी. दोघांनी एकदम फिरवू नये.

आता शेवटचा आणि सर्वांत चकविणारा प्रकार: संकेत उत्तम, तरी माहिती पोचत नाही. याची दोन प्रमुख कारणे. पहिले परक्या यंत्रांचा गलबला. हवेतील घट दोन्ही दिशांना सारखीच असते. म्हणून एकच दिशा बिघडली, तर ज्या टोकाला ऐकू येत नाही त्या टोकाजवळ कोणी दुसरा बोलत आहे, असे समजावे, आणि वाहिनी बदलून पाहावी. दुसरे कारण वेळेचे. या यंत्रांची रचना मुळात घरातल्या अंतरांसाठी झाली. प्रत्येक संदेशानंतर ती पोच मिळण्याची वाट पाहतात. १५ किलोमीटर जाऊन येण्यास लहरीला १०० मायक्रोसेकंद लागतात. यंत्राचा धीर त्याआधीच सुटला, तर पोचलेला संदेशही ते पुन्हापुन्हा पाठवीत राहते. वाट पाहण्याची मुदत अंतरानुसार वाढविली, की दुवा पुन्हा चालू लागतो. बर्कलीच्या संशोधकांनी याहून पुढे जाऊन, दोन्ही टोकांनी ठरलेल्या पाळीने बोलावे अशी पद्धत २००७ साली मांडली.

अंतर हा मोठा शत्रू नव्हे. त्याच २००७ साली एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी व्हेनेझुएलातील दोन पर्वतशिखरांमध्ये अशाच स्वस्त यंत्रांनी ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखविला. विक्रम एकदा साधला तरी पुरतो. दृष्टिकेंद्राचा दुवा मात्र रोज चालावा लागतो. त्यासाठी एका वेळी एकच बदल करणे, त्याचा परिणाम पाहणे आणि तो तारखेसह नोंदवहीत लिहिणे, ही शिस्त हवी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुवा सुधारला, तर कोणत्या उपायाने सुधारला हे कधीच कळत नाही; आणि पुढल्या पावसाळ्यात तोच शोध पहिल्यापासून करावा लागतो.

ही नोंदवही शहरातल्या तज्ज्ञाजवळ असून भागत नाही. ती केंद्रातल्या माणसाजवळ असावी, आणि ती वाचण्याचे शिक्षण त्याला मिळालेले असावे. विजेचा दाब मोजणे, दिवे पाहणे, संकेताचा आकडा सकाळ-संध्याकाळ टिपणे, एवढे काम गावातला कोणीही जिज्ञासू तरुण करू शकतो. त्याने टिपलेले आकडे हाती असले, म्हणजे दूर बसलेल्या जाणत्याला अंदाजाने बोलावे लागत नाही, आणि तपासणीसाठी बाकावर बसलेल्या रुग्णाला उद्या या, असे सांगण्याची पाळी सहसा येत नाही.